विमानाला उंची आणि वेग कसा कळतो, आणि काटा कधी फसवतो?



मासेमारी बंदीचे दिवस चालू आहेत. होड्या वर ओढून झाकल्या आहेत आणि शेडमध्ये जाळी शिवायचं काम चाललं आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात हाताला थोडी उसंत असते, म्हणून आम्ही या पानावर अभ्यासाचे पाठ टाकतो. आजचा पाठ होडीचा नाही, विमानाचा आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण फिरून फिरून आपण आपल्याच होडीवर येणार आहोत.

झालं असं. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तेव्हापासून पेडण्यात आपल्याला डोक्यावरच्या विमानाची सवय झाली आहे. परवा जाळं शिवता शिवता एक तरुण सभासद वर बघून म्हणाला, "आम्ही फिश फाइंडर बघून सांगतो खाली किती वाव पाणी आहे. त्या पायलटाला खाली किती वाव हवा आहे ते कसं कळतं?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. उत्तर शोधताना आम्हीच पुष्कळ शिकलो.

सगळ्याचं सार आधी सांगतो. विमानातला काटा उंची मोजत नाही आणि वेगही मोजत नाही. तो फक्त हवेचा दाब मोजतो. उंची आणि वेग हा त्या दाबावरून केलेला हिशेब आहे. हिशेबात धरलेली एखादी गोष्ट चुकली, तर काटा चुकीचा आकडा दाखवतो, आणि तोही अगदी ठामपणे. "मला माहीत नाही" असं जुना काटा कधीच सांगत नाही.

१. वेग: नदीत जन्मलेली नळी

विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. हेन्री पिटो हा फ्रान्सचा इंजिनिअर. त्याने ही नळी विमानासाठी केली नव्हती, विमान तेव्हा कुठे होतं? १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीत पाण्याचा वेग मोजायला त्याने ती वापरली. म्हणजे विमानाचं हे उपकरण मुळात आपलंच, नदीवरचं आहे.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशा पारदर्शक नळीचे दोन तुकडे घ्या. एक सरळ ठेवा. दुसऱ्याचं खालचं टोक काटकोनात वळवून काठीला बांधा. नांगर टाकलेल्या होडीवरून दोन्ही पाण्यात उभे धरा, वाकड्या नळीचं तोंड प्रवाहाच्या समोर करून. सरळ नळीत पाणी बाहेरच्या पातळीएवढं राहील. वाकड्या नळीत ते वर चढेल, कारण प्रवाह तोंडातून आत रेटतो. दोन्हींतला फरक म्हणजे प्रवाहाचा जोर.

पाणी २ नॉटने वाहत असेल तर हा फरक सुमारे ५ सेंटिमीटर येतो. ४ नॉट असेल तर १० नाही, २१ सेंटिमीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवा. शापोऱ्याच्या किंवा तेरेखोलच्या पाण्यात सुकतीच्या भर ओढीत होडी आवरताना हातांना हे आधीच कळलेलं असतं. डिचोलीकडच्या आमच्या सभासदांना मांडवीच्या पात्रात हे करून बघता येईल. प्रयोग करताना लाइफ जॅकेट घालायला मात्र विसरू नका.

विमानातही दोन तोंडं असतात. पुढे तोंड केलेली पिटो नळी म्हणजे आपली वाकडी नळी. विमानाच्या अंगावर बाजूला जी छोटी भोकं असतात, त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. तिथे समोरून वारा शिरत नाही, भोवतालच्या हवेचा साधा दाब तेवढा मिळतो. ती आपली सरळ नळी. दोन्हींतल्या फरकावरून वेगाचा काटा फिरतो.

हा फरक किती असतो? मोठं प्रवासी विमान उतरताना साधारण १३५ नॉटने येतं असं धरा. तेव्हा दोन दाबांतला फरक फक्त ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. एवढं मोठं धूड, आत दीडशे-दोनशे माणसं, आणि वेगाचा सगळा हिशेब एका फूटभर पाण्याच्या दाबावर!

२. उंची: चोर्ला घाटातलं चिप्सचं पाकीट

शिनाणे काढायला खडकाजवळ डुबकी मारणाऱ्याला विचारा. खाली गेलं की कान दाबले जातात, कारण डोक्यावर पाण्याचं वजन वाढतं. आपण सगळे तसेच हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. वर चढलं की डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. साखळीहून चोर्ला घाट चढताना कान दडपतात आणि पिशवीतलं चिप्सचं पाकीट फुगतं, ते यामुळेच.

विमानाच्या उंचीच्या काट्यामागे पातळ धातूची हवाबंद डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती पाकिटासारखी फुगते आणि काट्याला ढकलते. नव्या विमानांत डबीच्या जागी सेन्सर आणि कॉम्प्युटर आले, पण तत्त्व तेच आहे. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की उंची सुमारे ८ मीटरने वाढली, असा हा हिशेब.

३. शून्य कुठे धरायचा?

खरी गोम इथे आहे. उंची म्हणजे कुठून उंची? समुद्रसपाटीवर दाब किती आहे हे काट्याला आधी सांगावं लागतं. जगभर सरासरी म्हणून १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात. पण दाब रोज बदलतो. आपल्याकडे हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात तो कमी असतो, आणि समुद्रात वादळ उठलं की आणखी उतरतो. म्हणून उतरण्याआधी विमानतळावरून पायलटला त्या वेळचा दाब सांगतात आणि तो काट्यावर लावावा लागतो. बऱ्याच उंचीवर गेल्यावर मात्र सगळी विमानं १०१३.२५ च लावतात. तिथे जमिनीपासून नेमकी उंची किती यापेक्षा सगळ्यांचं माप एक असणं महत्त्वाचं, म्हणजे एकमेकांवर आदळायची भीती नको.

आता समजा, काट्यावर १०१३ लावलेलं राहिलं आणि खरा दाब १००३ आहे. फरक १० हेक्टोपास्कलचा. काटा ८० मीटरहून जास्त चुकेल, आणि चुकेल तोही वाईट बाजूला. विमान असेल खाली आणि काटा दाखवेल वर. मोप्यासारख्या पठारावर ढगातून उतरताना ८० मीटर म्हणजे किती, ते पेडणेकरांना सांगायला नको. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना खाली जपा, हा नियम पायलटला पहिल्यापासून शिकवतात.

हे वाचून आम्हाला आमच्याच एका होडीची गोष्ट आठवली. सभासदाने जुना वापरलेला फिश फाइंडर घेतला होता. आधीच्या मालकाने त्यात आपल्या होडीप्रमाणे खोलीची दुरुस्ती भरून ठेवली होती. ती कोणीच तपासली नाही. पडदा प्रत्येक ठिकाणी खऱ्यापेक्षा एक मीटर जास्त पाणी दाखवत होता. खोल समुद्रात एक मीटरने काय बिघडतं? काहीच नाही. पण सुकतीच्या वेळी नदीच्या मुखावर, रेवेच्या पट्ट्यावर, पडद्यावर पाणी होतं आणि खाली रेव होती. होडी बसली, पंख्याची पाती वाकली आणि पाठीमागून आलेल्या लाटेने होडी आडवी केली. माणसं वाचली ही देवाची कृपा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याचा शून्य दुसऱ्याच होडीचा होता.

नकाशावरच्या खोलीचंही असंच. नकाशातला आकडा अगदी खालच्या सुकतीची पातळी धरून लिहिलेला असतो. प्रत्यक्षातलं पाणी म्हणजे तो आकडा अधिक त्या वेळची भरती. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला आणि सुकतीला मिळून दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. काल भरतीला इथून गेलो, म्हणून आज सुकतीला जाऊ, असं म्हणणारा माणूस जुना दाब लावून उतरणाऱ्या पायलटसारखाच.

४. काटा बरोबर, पण आकडा वेगळा

काही फरक यंत्राच्या बिघाडाचे नसतात. ते समजून घ्यावे लागतात.

पहिला फरक तापमानाचा. हिशेबात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरलेलं असतं. गार हवा आकसते, त्यामुळे थंड मुलुखात विमान काट्यापेक्षा खाली असतं. १० अंशांच्या फरकाला साधारण ४ टक्के चूक येते. आपल्या उष्ण हवेत चूक उलट बाजूला, म्हणजे सुरक्षित बाजूला जाते. हिमालयाच्या थंडीत ती डोंगराच्या बाजूला जाते.

दुसरा फरक विरळ हवेचा. ३५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून कमी असते. हवाच कमी, म्हणून नळीत रेटा कमी. विमान खरोखर ४५० नॉटने जात असतं तेव्हा काटा २६० ते २७० दाखवतो. पण गंमत बघा, पायलटला उपयोगाचा आकडा हाच. पंखालाही तीच विरळ हवा मिळते आणि विमान तोलून धरायला किती जोर आहे ते हाच काटा सांगतो.

तिसरा फरक वाऱ्याचा, आणि हा आपल्याला सगळ्यांत जवळचा. शांत पाण्यात ६ नॉट चालणारी होडी ३ नॉटच्या सुकतीविरुद्ध नदीत शिरली, तर जीपीएस ३ नॉट दाखवतो. सुकतीबरोबर बाहेर पडली, तर ९ दाखवतो. सुकाणूला मात्र दोन्ही वेळेला ६ नॉटचंच पाणी लागतं. विमानाचंही तसंच. जमिनीवरचा वेग जीपीएस सांगतो, पण पंखाखालून हवा किती वेगाने जाते ते जीपीएसला कळत नाही. म्हणून उपग्रह आले तरी पिटोची नळी गेली नाही.

५. भोक बुजलं तर?

आता भीतीचा भाग. पिटो नळीचं तोंड बुजलं आणि पाणी निघून जायचं भोकही बुजलं, तर आत हवा कोंडून राहते. विमान वर चढतं, बाहेरचा दाब कमी होतो, कोंडलेल्या हवेचा तसाच राहतो. फरक वाढला, म्हणजे वेग वाढला असं काटा समजतो. खरा वेग कमी होत असला तरी काटा वाढलेलाच दाखवतो.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेलं बर्गनएअरचं बोईंग ७५७ असंच पडलं. १८९ माणसं गेली. ते विमान बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि काही दिवस नळ्यांवर आवरण नव्हतं. मातीचं घर करणाऱ्या कुंभारीण माशीने नळीत घर केलं असावं, असा तपासाचा कयास होता. कप्तानाचा काटा जास्त वेग दाखवत होता. सहवैमानिकाचा काटा बरोबर होता, पण कोणाचा खरा हे ठरेपर्यंत वेळ गेली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरू देशात एरोपेरूचं विमान रात्री लिमाहून निघालं. धुताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. हातभर पट्टी! उंचीचा काटा आणि वेगाचा काटा दोन्ही भरकटले. पायलटांनी रेडिओवरून कंट्रोलला उंची विचारली. कंट्रोलने पडद्यावर बघून सांगितली. पण त्या पडद्यावर येणारा आकडा विमानाच्याच बिघडलेल्या यंत्राने पाठवलेला होता. विमान समुद्राला टेकलं तेव्हा कप्तानाच्या काट्यावर ९,७०० फूट होते. ७० जण गेले.

विशेष म्हणजे त्या विमानात एक यंत्र खरं बोलत होतं. रेडिओ अल्टिमीटर हा उलटा फिश फाइंडर समजा. तो रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतो. हवेच्या दाबाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या जोरावर जमीन जवळ आल्याचा इशारा वाजत होता. पण इतके इशारे एकदम वाजत होते की कोणता खरा ते कळेना.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकवर असताना पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे चुकले ते मिनिटभरही नाही. पण तेवढ्यात ऑटोपायलट सुटला, विमानाचं नाक वर ओढलं गेलं आणि पाच मिनिटांच्या आत ते समुद्रात गेलं. २२८ माणसं होती. नळ्या पुन्हा मोकळ्या झाल्या होत्या. माणसांचा गोंधळ मोकळा झाला नाही.

६. आपल्याच समुद्रात, १ जानेवारी १९७८

हे सगळं लांबचं वाटेल. म्हणून आपल्या अरबी समुद्रातली गोष्ट सांगतो. त्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे जम्बो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ जण गेले.

तिथे बिघडलं ते दाबाचं यंत्र नव्हतं. विमान कोणत्या बाजूला किती कललं आहे ते दाखवणारं यंत्र होतं. उजवीकडे वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कप्तानाच्या समोरचं यंत्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते सरळ करायला कप्तानाने विमान डावीकडे वळवलं, वळवतच राहिला. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. सहवैमानिकासमोर दुसरं यंत्र होतं, राखीव तिसरंही होतं. त्या यंत्रावर विसंबू नका, असं फ्लाइट इंजिनिअरने सांगायचा प्रयत्नही केला. पण तोवर पाणी आलं होतं.

रात्री किनाऱ्याचा दिवा दिसत नसताना आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं आणि होडी गोल फिरत असते. ज्याने हे अनुभवलं आहे, त्याला त्या कॉकपिटमधला काळोख वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

७. बंदी उठायच्या आधी आपण काय करायचं?

पायलट यातून जे शिकले, ते आपल्याला लागू पडतं.

• शून्य तपासा. फिश फाइंडर जुना असो वा नवा, जेटीला होडी बांधून शिसं लावलेल्या दोरीने वाव मोजा आणि पडद्याशी जुळवा. पडदा पाण्याच्या पातळीपासून खोली दाखवतो की सेन्सरच्या खालून, हे होडीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

• तोंड साफ ठेवा. विमान उभं असताना पिटो नळीवर लाल फीत लावलेलं आवरण घालतात आणि उड्डाणाआधी मोजून काढतात. आपल्या सेन्सरवर बंदीत शेवाळ आणि शिंपल्या बसतात. त्या खरवडू नका, हलक्या हाताने साफ करा. रंग लावताना सेन्सरवर पट्टी लावली असेल, तर ती काढल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही.

• दोन साक्षीदार वेगळे हवेत. एकाच जीपीएसचा आकडा दोन पडद्यांवर दिसला म्हणून तो दोनदा खरा होत नाही. कंट्रोलने एरोपेरूला तिचाच चुकीचा आकडा परत सांगितला, ते विसरू नका. जीपीएसला जोडीदार म्हणून होकायंत्र ठेवा, फिश फाइंडरला जोडीदार म्हणून दोरी.

• आपली होडी ओळखा. वेगाचा काटा फसला तर पायलट ठरलेली इंजिनची ताकद आणि ठरलेला नाकाचा कोन धरतो, कारण तेवढ्यात विमान किती वेगाने जातं ते त्याला आधीच माहीत असतं. आपलं इंजिन किती फेऱ्यांवर शांत पाण्यात किती नॉट देतं, हे एकदा मोजून लिहून ठेवा.

• धाकट्याचं ऐका. तांडेल कितीही जाणता असो, नाळीवर बसलेला पोरगा "पाणी उथळ दिसतं" म्हणाला की आधी इंजिन कमी करायचं, मग विचारायचं.

यंत्रं घेऊ नका असं आम्ही अजिबात म्हणत नाही. यंत्रांनी आपली किती माणसं घरी परत आणली आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. पण प्रत्येक आकड्याला एकदा विचारा: तू काय मोजतोस, कुठून मोजतोस, आणि तुझं तोंड उघडं आहे ना?

नळीचा प्रयोग करून बघणाऱ्या सभासदांनी प्रवाहाचा वेग आणि नळीतली उंची आम्हाला कळवा. फिश फाइंडर जुळवायला मदत हवी असेल, तर बंदी संपायच्या आत शेडमध्ये या. दोरी आणि शिसं आमच्याकडे आहे.



आपले,
संस्थेचे सचिव व कार्यकारी मंडळ